पावसातलं शिकागो आणि रात्रीचा ब्लूज : तुमचे प्रश्न

या वेळच्या टपालात शिकागोचीच पत्रं जास्त आलीत. कोणी मुलाबाळांकडे चाललंय, कोणी कॉन्फरन्सला, आणि सगळ्यांची रड एकच, की शहरासाठी मोजून एक दिवस मिळतोय आणि फोन उघडला की त्या दिवसावर ढगाचं चित्र. त्यात निम्म्या लोकांना ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, ऐकायचाय पण कुठे जायचं, किती वाजता, आत सोडतात का, काही पत्ता नाही. म्हणून हा अंक शिकागोलाच देऊन टाकतेय. मी त्या भागात बरीच वर्षं राहतेय, त्यामुळे थोडा पक्षपात होणार, तो गृहीत धरून वाचा.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं मुलीकडे नेपरव्हिलला आलोय. येत्या शनिवारी जावई आम्हाला शिकागो दाखवायला नेणार आहेत पण दिवसभर पाऊस सांगितलाय. यादीत सिअर्स टॉवर, ती चकचकीत बीन, स्वामी विवेकानंदांनी भाषण केलं ती जागा आणि जावयांच्या आग्रहाखातर रात्री ब्लूज क्लब. माझी सत्तरी जवळ आलीय, हिचे गुडघे दुखतात. जमेल का की पुढे ढकलावं? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : ढकलू नका काका. पावसात शिकागो बघायला काहीच हरकत नाही, फक्त दिवस रात्रीपासून उलटा आखायचा. म्हणजे आधी ठरवा की ब्लूजला किती वाजता बसायचंय आणि तेव्हा पायात किती जोर शिल्लक हवाय, मग तेवढा जोर राखून दिवसाचं काय ते बघा. लोक नेमकं उलटं करतात, सकाळी आठपासून पावसात फिरफिर फिरतात आणि संध्याकाळी क्लबमध्ये पहिल्या गाण्यालाच डुलक्या.

तर सगळ्यात आधी तो टॉवर यादीतून काढा. आता त्याचं नाव विलिस टॉवर आहे, २००९ मध्ये बदललं, पण इथले जुने लोक अजून सिअर्सच म्हणतात तेव्हा तुम्हीही खुशाल म्हणा. वरचं स्कायडेक, म्हणजे शहर बघायची काचेची गच्ची, १०३ व्या मजल्यावर, जमिनीपासून ४१२ मीटर, आणि पावसाचे ढग त्याच्या पुष्कळ खाली असतात, म्हणजे एवढे पैसे भरून लिफ्टने वर जायचं आणि काचेच्या चारी बाजूंना नुसतं पांढरं बघून खाली यायचं. खालूनच मान वर करून बघा, टॉवर अर्ध्यावर ढगात शिरून गायब झालेला असतो ते दृश्य फुकटात आणि माझ्या मते वरच्यापेक्षा भारी. हा टॉवर कसा उभा राहिला तेही जावयांना विचारा, त्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअर फझलूर रहमान खान, ढाक्याचा माणूस, त्याने नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्यासारखी रचना केली म्हणून तो वाऱ्याला दाद देत नाही.

त्याऐवजी दहा-साडेदहाला शिकागो कल्चरल सेंटरला पोचा. १८९७ ची इमारत, पूर्वी शहराची मुख्य लायब्ररी होती, आता तिकीटबिकीट काही नाही, सरळ आत जायचं, लिफ्ट आहे. वर टिफनीच्या रंगीत काचेचा घुमट आहे, ३८ फूट व्यासाचा, हजारो काचा, आणि ढगाळ दिवशी त्याचा उजेड मऊ पडतो, तिथे हॉलमध्ये निवांत बसता येतं, कोणी उठवत नाही. काकूंच्या गुडघ्यांसाठी याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. तिथून खालच्या खाली पेडवे नावाचा भुयारी रस्ता आहे, लूप, म्हणजे शहराच्या मध्यभागातल्या चाळीसेक ब्लॉकमध्ये तुकड्यातुकड्याने पसरलेला, त्यातून मेसीजच्या मोठ्या दुकानापर्यंत छत्री न उघडता जाता येतं. काही खरेदी करू नका हवं तर, पण तिथलं छत बघा, तेही टिफनीचं, १९०७ चं, सोळा लाखांवर काचेचे तुकडे लावलेत म्हणतात आणि खाली लोक परफ्युमचे वास घेत फिरतायत, वर बघत कोणीच नाही! पेडवेचे काही भाग शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी बंद असतात तेवढं लक्षात ठेवा, आणि पाट्या इतक्या गोंधळाच्या आहेत की इथले लोकही चुकतात.

बीन रस्ता ओलांडला की मिलेनियम पार्कमध्ये. खरं नाव क्लाउड गेट, शिल्पकार अनिश कपूर, जन्म मुंबईचा. १६८ स्टीलचे पत्रे जोडून केलीय पण सांधा म्हणून दिसत नाही. उन्हात तिच्याभोवती सेल्फीवाल्यांची ही गर्दी असते, पावसात मात्र माणूस नाही, आणि थेंबांच्या ओघळांतून उलट्यापालट्या इमारती दिसतात. मधल्या कमानीखाली कोरडं राहता येतं. दहा मिनिटं पुरे, फरशी निसरडी होते.

आता विवेकानंद. ११ सप्टेंबर १८९३ चं ते भाषण झालं ती इमारत म्हणजे आजची आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो, मिशिगन अव्हेन्यूवर, दारात ब्राँझचे दोन सिंह. तेव्हा ती नवी कोरी होती आणि सर्वधर्म परिषदेसाठी आत तात्पुरते हॉल उभारले होते, त्यामुळे "नेमकी ती खुर्ची, तो मंच" असं काही शोधायला जाऊ नका, तो हॉल आता नाहीये. बाहेर रस्त्यावर त्यांच्या नावाची मानाची पाटी आहे. २०१० मध्ये आपल्या मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी ते पूर्ण भाषण इथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं, आणि रंग घेतले होते अमेरिकेच्या दहशतवादाच्या धोक्याच्या इशाऱ्यांचे, लाल, केशरी, पिवळा वगैरे, कारण तारीख तीच ११ सप्टेंबर. ती मांडणी कायमची नव्हती, पण जिना चढताना आठवा.

आत मात्र सगळं म्युझियम बघायचा हट्ट धरू नका, ते होत नाही. सराचं ते ठिपक्याठिपक्यांचं नदीकाठच्या रविवारचं मोठं चित्र, हॉपरचं रात्रीच्या डायनरचं चित्र, शागालच्या निळ्या काचेच्या खिडक्या, आणि तळमजल्याखाली थॉर्न मिनिएचर रूम्स, म्हणजे ६८ चिमुकल्या खोल्या, एका फुटाला एक इंच मापाने केलेल्या, खुर्च्या-गालिचे-झुंबरांसकट. काकू तिथून हलणार नाहीत बघा. व्हीलचेअर मिळते, लाजू नका, मागून घ्या. मंगळवार-बुधवारी म्युझियम बंद असतं, तुमचा शनिवार आहे म्हणून प्रश्न नाही.

चारच्या सुमाराला बाहेर पडा आणि ब्राउन लाइनच्या ट्रेनमध्ये नुसते बसा. ही एल म्हणजे रस्त्यावरून खांबांवर धावणारी रेल्वे, लूपला पूर्ण वळसा घालते, दुसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांना घासूनच जाते असं वाटतं, मग वेल्स स्ट्रीटच्या पुलावरून नदी ओलांडते. एका तिकिटात कोरडं शहर-दर्शन, आणि पायांना आराम. पुढे दोन-चार स्टेशनं जाऊन उलट दिशेच्या गाडीने परत या. मग सहाच्या आत बडी गाय्ज लेजेंड्स या ब्लूज क्लबमध्ये जेवायला बसा, वाबॅश अव्हेन्यूवर, आर्ट इन्स्टिट्यूटपासून लांब नाही पण पावसात टॅक्सीच करा. लवकर गेलं की खुर्ची पाठ टेकायची मिळते, आवाज जरा बेताचा असतो, आणि जावयांना मध्यरात्रीपर्यंत थांबायचं असलं तरी तुम्ही दहाला निघायचं आधीच ठरवून ठेवा, म्हणजे मग कोणाचा रसभंग नको.

प्रश्न : पावसात नदीतली आर्किटेक्चर बोट रद्द होते का? पैसे परत मिळतात?

उत्तर : नुसत्या पावसाने सहसा रद्द करत नाहीत, विजा कडाडायला लागल्या किंवा वारा फारच सुटला तर थांबवतात. परताव्याचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे, तिकीट काढतानाच वाचा. पण वरच्या उघड्या डेकवर बसून मान वर करायची तर पाणी सरळ डोळ्यांत जातं आणि खालच्या बंद केबिनमधून इमारतींचे फक्त गुडघे दिसतात. त्यापेक्षा जवळच शिकागो आर्किटेक्चर सेंटर आहे, तिथे शहराचं मोठं मॉडेल आहे, ४,००० पेक्षा जास्त इमारतींचं. आणि ला साल स्ट्रीटवरची रूकरी ही इमारत, १८८८ ची, तिची लॉबी १९०५ मध्ये फ्रँक लॉइड राइट या नावाजलेल्या आर्किटेक्टने नव्याने केली, वर काचेचं छप्पर, आत गेलं की पावसाचा आवाज वरून येतो. हे कामाच्या दिवशी करा.

प्रश्न : नवऱ्याला ब्लूजचं वेड आहे, मला मात्र सगळी गाणी सारखीच वाटतात. तेच तेच वाजवतात आणि लोक माना डोलावतात. मी शास्त्रीय गाणं शिकलेय, कान कच्चा आहे असं नाही. नेमकं ऐकायचं काय? (शिकागोला चाललेली एक बायको)

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे, साचा खरंच एकच असतो, आणि तुम्हाला तर हे पटकन उमगेल. नेहमीचा ब्लूज बारा खणांचा, प्रत्येक खणात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन समजा. त्या बारा खणांत स्वरांचे पाये बदलतात, आधी सा वर चार खण, मग म वर दोन, परत सा वर दोन, मग प वर, म वर, आणि शेवटचे दोन खण सा वर येऊन पुढच्या फेरीला ढकलणारे. ते शेवटचे दोन खण लक्ष देऊन ऐका, सगळा बँड समेवर येण्याची तयारी करत असतो आणि चांगला ड्रमर तिथे काहीतरी छोटीशी गंमत करतोच. शब्दही तसेच बांधलेले असतात, पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर किंवा टोला. ओळ दोनदा का म्हणतात? असं सांगतात की जुन्या काळी गायक जागच्या जागी तिसरी ओळ रचत असायचा, तेवढा वेळ मिळतो. आणि ओळ संपली की उरलेल्या जागेत गिटार किंवा हार्मोनिका गायकाला उत्तर देते, ते सवालजवाब ऐकायला लागलात की "सगळं सारखं" हे वाटणं आपोआप कमी होईल.

दुसरं म्हणजे गंधार. ब्लूजचा गंधार ना कोमल ना शुद्ध, दोघांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो, निषादाचंही तसंच. पियानोवर तो स्वर नाहीच, म्हणून पियानोवाले दोन पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास करतात आणि गिटारवाले तार बाजूला खेचून तिथे पोचतात. तुमच्या भाषेत ती मींडच. एकाच स्वरावर कोण किती रेंगाळतो, कुठे सोडतो, यात माणूस ओळखू येतो. म्हणून नवीन गाणं कुठलं याची वाट बघू नका, तेच गाणं हा माणूस कसा म्हणतोय ते बघा, ख्यालाला आपण तेच तर करतो.

आता शिकागोचा म्हणून जो ब्लूज आहे तो एवढा मोठ्या आवाजाचा का, हे समजलं तर मजा वाढेल. १९१६ ते १९७० च्या दरम्यान दक्षिणेतले सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेले, तिकडचा छळ, लिंचिंग म्हणजे जमावाने ठार मारणं, कापसाच्या शेतावरचं कर्ज, सगळ्याला कंटाळून. मिसिसिपीतून वर येणारी इलिनॉय सेंट्रल रेल्वे सरळ शिकागोला आणून सोडायची, म्हणून मिसिसिपीचे गाणारे शिकागोत. गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये आला, तसाच बडी गाय लुइझियानाहून १९५७ मध्ये. गावाकडे हे गाणं एकट्या गिटारवर, ओसरीवर किंवा शेतमजुरांच्या नाचाच्या खोपटात चालायचं, पण इथे साउथ साइडच्या, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातल्या, दारूच्या गुत्त्यांत लोक गिरणीतून, कत्तलखान्यातून सुटून आलेले, बोलतायत, भांडतायत, ग्लास आपटतायत, आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात तर उघड्या रस्त्यावर वाजवायचं. लाकडी गिटार कोणाला ऐकू जाणार! मग गिटारला वीज आली, ड्रम आले, बेस आला, आणि लिटल वॉल्टरसारख्याने स्वस्तातला माइक हार्मोनिकाबरोबर ओंजळीत धरून अॅम्प्लिफायरमधून असा आवाज काढला की हार्मोनिका हे पोरांचं वाद्य राहिलंच नाही. तुमच्या नवऱ्याला जे वेड लागलंय त्याच्या मुळाशी कोपऱ्यातल्या बारचा गोंगाट आहे.

आणि एक करा, पहिल्या रात्री बेसवाल्याकडे बघत बसा. लीड गिटारकडे सगळेच बघतात.

प्रश्न : ऑफिसच्या कामाने चाललेय, एकटीच आहे, एक संध्याकाळ मोकळी. कुठल्या क्लबला जाऊ? एकटीने सेफ आहे का? आणि हे कव्हर, टिप वगैरे नीट सांगा, मला तिथे बावळट दिसायचं नाहीये.

उत्तर : बावळट कोणी दिसत नाही गं, अर्धी खोली बाहेरगावचीच असते. तीन जागा सांगते. लेजेंड्स, १९८९ पासूनची, डाउनटाउनमध्ये, त्यामुळे तुझ्या हॉटेलपासून बहुतेक जवळच पडेल, एकटीला सगळ्यात सोयीची, भिंतींवर गिटारी टांगलेल्या, स्टेज मोठं, जेवण मिळतं. टुरिस्ट फार असतात अशी नाकं मुरडतात काही लोक, मुरडू देत, बँड चांगले असतात. मालक बडी गाय, १९३६ चा जन्म, जानेवारीत तिथे स्वतः शो करण्याची त्यांची बऱ्याच वर्षांची प्रथा आहे आणि ती तिकिटं झटकन जातात. बाकी वर्षात कधी कधी बारपाशी शांत बसलेले असतात, गेलीस तर फोन तोंडासमोर नाचवू नकोस.

दुसरी किंग्स्टन माइन्स, उत्तरेला हॉलस्टेड स्ट्रीटवर, फुलरटन स्टेशनपासून चालत. १९६८ पासून. तिथे दोन खोल्यांत दोन स्टेजं, एका बँडचा सेट संपला की दुसऱ्या खोलीत दुसरा सुरू, लोक ग्लास हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत, आणि हे पहाटेपर्यंत. बाकीच्या क्लबांमधले वादक आपलं काम संपवून इथे येतात आणि उशिरा स्टेजवर चढतात, त्यामुळे नऊला जाऊन अकराला निघालीस तर खरी गंमत हुकेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग असेल तर विचार कर.

तिसरी रोझाज लाउंज, आर्मिटेज अव्हेन्यूवर, १९८४ पासूनची, मिलानहून आलेल्या एका ड्रमरने काढली आणि आईचं नाव दिलं, टोनी मांगियुलो त्याचं नाव. छोटी खोली, ऐकायला येणारे लोक, गप्पा कमी. मला विचारशील तर मला हीच आवडते. पण एलच्या स्टेशनपासून लांब आहे, जाता-येता गाडी मागवावी लागते. कुठलाही क्लब सगळे दिवस उघडा असतोच असं नाही, विशेषतः सोमवार ते बुधवार, तेव्हा निघण्याआधी त्या आठवड्याचं वेळापत्रक बघ. आणि शनिवारचा नाद सोड म्हणेन, गुरुवार किंवा रविवार बघ. गर्दी कमी, वादक सैलावलेले, एकमेकांकडे बघून हसतात, मधेच कोणाला तरी प्रेक्षकांतून वर बोलावतात.

पैशांचं असं, दारात कव्हर चार्ज, म्हणजे आत जायचे पैसे, साधारण १० ते २५ डॉलर, वार आणि बँड बघून. काही ठिकाणी दोन ड्रिंक घ्यायचीच असा नियम असतो, ती दारूच असली पाहिजे असं नाही, कोक किंवा जिंजर एलही चालतं. बारवर दर ग्लासमागे एक-दोन डॉलर टिप, टेबलवर जेवलीस तर बिलाच्या १८ ते २० टक्के. आणि बँडची बादली किंवा बरणी फिरते तेव्हा मान खाली घालून फोनमध्ये बघायचं नाही! पाच डॉलर तरी टाक, त्या लोकांचं पोट त्यावर चालतं, सुट्टे नोटांमध्ये आधीच जवळ ठेव, ओल्या पर्समधून कार्ड काढून बादलीत टाकता येत नाही. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट मूळ हवा, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो दाखवला तर दारावरचा माणूस हसून परत पाठवू शकतो, चाळिशी उलटली असली तरी. पावसात तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेव.

सेफ्टीचं म्हणशील तर क्लबच्या आत एकट्या बायका खूप असतात, बारपाशी स्टूल घे, बारटेंडर लक्ष ठेवतात. रात्री उशिरा परतताना एलने न जाता गाडी मागव आणि ती येईपर्यंत आतच थांब. ग्लास नजरेआड ठेवायचा नाही, हे तर कुठल्याही शहरात.

प्रश्न : चेस रेकॉर्ड्सची इमारत बघण्यासारखी आहे का की नुसती पाटी? (एक जुने रेकॉर्ड जमवणारे)

उत्तर : तुमच्यासारख्याने गेलंच पाहिजे. पत्ता २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू. बाहेरून बघाल तर दोन मजली साधी अरुंद इमारत, शेजारून शंभरदा जाल आणि कळणार नाही. लेनर्ड आणि फिल चेस हे पोलंडमधून लहानपणी आलेले ज्यू भाऊ, यांची रेकॉर्ड काढणारी कंपनी १९५७ ते १९६७ या काळात इथे होती, आणि मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, चक बेरी, बो डिडली, एटा जेम्स ही त्या कंपनीची माणसं. जून १९६४ मध्ये पोरसवदा रोलिंग स्टोन्स इंग्लंडहून पहिल्या अमेरिका दौऱ्यावर आले तेव्हा त्यांनी मुद्दाम इथे रेकॉर्डिंग केलं, बँडचं नावच त्यांनी मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतलेलं, आणि इथे वाजवलेल्या एका तुकड्याला त्यांनी हा पत्ताच नाव म्हणून दिला.

आता तिथे विली डिक्सनच्या नावाची ब्लूज हेवन ही संस्था आहे. डिक्सन म्हणजे बेस वाजवणारा, धिप्पाड, तरुणपणी बॉक्सर होता, आणि चेसच्या कितीतरी गाण्यांचा खरा लेखक. रॉयल्टीसाठी त्याला नंतर झगडावं लागलं आणि म्हणून बाकीच्या जुन्या कलाकारांनाही त्यांचे पैसे मिळावेत यासाठी त्याने ही संस्था काढली. त्याच्या पश्चात बायकोने ही इमारत विकत घेतली. आत गाइड वरच्या स्टुडिओत नेतो, खोली रिकामीच आहे म्हणाल तर आहे, पण एवढ्याशा खोलीतून तो आवाज निघाला हे बघितल्याशिवाय पटत नाही. टूर रोज आणि सगळ्या वेळी नसतात, आधी वेळ ठरवून जा. ग्रीन लाइनचं सर्माक-मॅकॉर्मिक प्लेस स्टेशन जवळ, आणि पाऊस थांबला असेल तर चायनाटाउनही चालण्याच्या अंतरात, तिथे गरम सूप प्या आणि रेड लाइनने परत या.

स्टेट स्ट्रीटवर मडी वॉटर्सचं प्रचंड म्युरल आहे, ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राने २०१६ मध्ये रंगवलेलं, अख्ख्या इमारतीची भिंत. ओल्या रस्त्यात त्याचे रंग खाली उतरलेले दिसतात. तेवढं जाता जाता बघा.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, गिटार शिकतोय, ब्लूज क्लबला जायचं म्हणून हट्ट. सोडतील का?

उत्तर : रात्री नाही. इथे बारसाठी वय २१ आणि त्यात दयामाया नाही. पण जिथे स्वयंपाकघर चालतं तिथे संध्याकाळी लवकरच्या वेळेत आईवडिलांबरोबर मुलांना बसू देतात, कुठल्या वेळेपर्यंत ते त्या त्या क्लबला फोन करून विचारा, गृहीत धरून जाऊ नका. आणि तारखा तुमच्या हातात असतील तर जूनमध्ये या. शिकागो ब्लूज फेस्टिव्हल १९८४ पासून होतोय, आता मिलेनियम पार्कमध्ये, फुकट, वयाची अट नाही, मोठमोठे लोक दुपारपासून वाजवतात, आणि जूनचा पाऊस असा असतो की तासभर झोडपतो आणि थांबतो, लोक पोंचो घालून बसून राहतात. त्याला स्टेजच्या जवळ घेऊन जा, बोटं दिसतील असं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. ब्लूज क्लबमध्ये जेवायला काय मिळणार?

उत्तर : फारसं काही नाही, खरं सांगायचं तर. हे जेवण दक्षिणेकडचं, लुइझियाना पद्धतीचं. गंबो या दाट रस्स्यात भेंडी दिसते म्हणून खूश होऊ नका, त्यात सॉसेज, कोंबडी किंवा कोळंबी असते. राजमा-भातासारखा दिसणारा रेड बीन्स अँड राइसही बहुतेक वेळा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला. कॉर्नब्रेडमध्ये अंडं असतंच बहुधा. फ्राइज, सॅलड, मॅक अँड चीज विचारून घ्या. म्हणून आधीच जेवून जा. शिकागोचा डीप डिश पिझ्झा पालक घातलेला मिळतो, भाजायला पाऊण तास लागतो, तेव्हा ऑर्डर देऊन मग ओले मोजे बदला. दोन तुकड्यांच्या वर कोणी खाऊ शकत नाही, चौघांत एक लहान मागवा. चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढतात ते, तेही चालत नसेल तर मग डेव्हन अव्हेन्यू गाठा, उत्तरेला, देशी दुकानांची ओळच्या ओळ आहे, पण तिथून रात्री क्लबला पोचायला वेळ लागेल.

प्रश्न : तुम्ही मराठी कुटुंबांना अमेरिकेत जाऊन गुत्त्यात बसायला सांगता, हे बरं नाही. तिकडे म्युझियमं कमी आहेत का? (एक नाराज वाचक)

उत्तर : म्युझियमं भरपूर आहेत आणि वर पानभर तीच सांगितलीत, बघा जरा. पण शिकागोतलं हे संगीत वाढलं ते बारमध्येच, कारण ज्यांचं ते होतं त्यांना त्या काळी बऱ्याच मोठ्या थिएटरांचे दरवाजे बंद होते. आता कोणी दारू प्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही, सिगारेटचा धूरही नाही, २००८ पासून इलिनॉयमध्ये बारच्या आत सिगारेट बंद आहे. लिंबू घातलेला सोडा मागवा आणि ऐका. लावणी ऐकायला आपले आजोबा कुठे जात होते ते मी विचारत नाही.

प्रश्न : शिकागोच्या पावसाला छत्री न्यावी की रेनकोट?

उत्तर : टोपीवाला रेनकोट. शहराला लागूनच मिशिगन तळं आहे, तळ्यावरून वारा येतो, छत्री उलटी होते, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचराकुंड्यांत मोडक्या छत्र्या खोचलेल्या दिसतील. एप्रिल-मेमध्ये आत एक स्वेटरही हवा, तळ्याकाठी पारा एकदम पाच-सहा अंशांनी कमी असतो. बूट पाणी न शिरणारे, आणि मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत. कोट चेक करायची सोय क्लबमध्ये असेलच असं नाही, तेव्हा खुर्चीच्या पाठीवर टाकता येईल एवढाच कोट आणा.